बाहेर थांबणारा: बेचाळीस

शुक्रवारी बोईसरच्या एमआयडीसीत कुत्रं फिरकत नाही. सगळ्या जगाला रविवारी सुट्टी, इथल्या बऱ्याच कारखान्यांना शुक्रवारी. भर दुपारी रस्ते असे ओस पडतात की आपल्याच चपलेचा आवाज आपल्याला नकोसा होतो. वास तेवढा सुट्टी घेत नाही. तो असतोच, कुजलेल्या फणसावर फिनेल ओतावं तसा.

अशा एका शुक्रवारी साडेअकराला ज्ञानेश्वरी कारखान्याच्या गेटवर रिक्षातून उतरली. काम एवढंसं. एका फाइलीत, एका चौकोनात, बेचाळीस हा आकडा खोडून तिथे तीनशे अठरा लिहायचा. पाच मिनिटांत मोकळी, घरी जाऊन भाकऱ्या टाकायला. आता पाच मिनिटांच्या कामासाठी बाई सुट्टीच्या दिवशी घामाघूम होऊन का आली, ते सांगतो. फक्त मध्ये बोलू नका.

परभणीकडची ती. वडील पुंजाराम मजुरीला तारापूरकडे आले, गोण्या उचलून पोरीला शिकवलं, नि पोर इथल्याच एका केमिकल कारखान्यात सेफ्टी ऑफिसर झाली. गळ्यात कार्ड, कार्डावर नंबर बेचाळीस. त्या कार्डाचा तिला तोरा होता, आणि का नसावा?

कारखान्यात टाक्या. टाकी आतून धुवायची तर माणूस उतरवावा लागतो, आणि त्याआधी एक तक्ता भरावा लागतो. आत जाणाऱ्याचा नंबर, बाहेर तोंडाशी थांबणाऱ्याचा नंबर, आतल्या हवेतला ऑक्सिजन, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ. ऑक्सिजन वीस पूर्णांक नऊ असला की उत्तम. साडेएकोणीसच्या खाली गेला की उतरायचं नाही. आणि बाहेर थांबणाऱ्यानं आभाळ कोसळलं तरी जागा सोडायची नाही, कारण आतल्याचा जीव त्याच्या नजरेवर असतो.

तक्ता कागदाचा होता तोवर ठीक चाललं होतं. मॅनेजर दिग्विजय साहेबांनी तो कॉम्प्युटरवर, सामाईक फोल्डरमध्ये टाकला, नि नाकापेक्षा मोती जड झाला. एकानं फाइल उघडली की बाकीच्यांना कुलूप. 'फक्त वाचता येईल' अशी पाटी यायची. दोघांनी एकदम भरलं तर एका फाइलीच्या दोन व्हायच्या, आणि खरी कुठली ते ब्रह्मदेवाला ठाऊक. मग सगळ्यांनी मिळून पळवाट काढली. सकाळी नवाला फाइल मोकळी असते, तेव्हाच दिवसभराचा तक्ता आगाऊ भरून टाकायचा. वीस पूर्णांक नऊ, वीस पूर्णांक नऊ, असं खालपर्यंत ओढत न्यायचं. आत गेल्याची वेळ भरायची, बाहेर आल्याचीही भरायची. हवा नंतर मोजायची. मोजली तर.

दीड महिन्यापूर्वी पाच नंबरच्या टाकीत जिवल्या उतरला. विक्रमगडकडच्या पाड्यावरचा, ठेकेदाराचा माणूस, नंबर तीनशे सतरा. त्याचा धाकटा भाऊ सुका, तीनशे अठरा. जिवल्याला अक्षर येत नव्हतं, पण आकडे येत होते. रोज गेटवर ज्ञानेश्वरीच्या कार्डाकडे बोट करून म्हणायचा, "बाय, बेचाळीस," आणि आपण फार मोठं पुस्तक वाचलं असं हसायचा.

त्या दिवशी बाहेर थांबणारी म्हणून तक्त्यात तिचाच नंबर होता. सुकाला तिनं दोर आणायला स्टोअरला पाठवलं. हवा मोजायचं यंत्र आणि टॅब घेऊन ती टाकीच्या तोंडाशी उभी राहिली, तर टॅबवर फाइलीला कुलूप. ऑफिसात कोणीतरी ती उघडी टाकून चहाला गेलं होतं. तिनं यंत्र आणि टॅब, दोन्ही जिवल्याच्या हातात दिलं. तू उतर, आकडे येतात ना तुला, मग आतून दर दोन मिनिटांनी टाकत राहा, टॅबमध्ये साठतात, रेंज आली की आपोआप वर चढतात. मी कुलूप काढून आत्ता येते, म्हणाली.

ती वीस मिनिटांनी आली. जिवल्या तळाशी तोंड वर करून पडला होता, बरोबर टाकीच्या तोंडाकडे बघत.

यंत्र त्याच्या मुठीत मिळालं, ते पोलिसांनी सीलबंद करून नेलं. टॅब मिळाला नाही. तो कुणी शोधलाच नाही म्हणा ना, कारण तो आत गेला होता हे तिला एकटीलाच माहीत होतं. रजिस्टरात तिनं लिहिलं, टॅब ३, दुरुस्तीला. टाकी उपसली, गाळ काढला, झाकण ठेवून सोळा बोल्ट आवळले. दिग्विजय साहेबांनी तोंडी जबाब दिला की बाहेर सुका थांबणार होता आणि तो जागा सोडून गेला. गरिबाच्या डोक्यावर खापर फोडायला कितीसा जोर लागतो? भाऊ गेला तो गेलाच, वर भावाला मारल्याचा ठपका याच्यावर. ज्ञानेश्वरी तिथेच उभी होती आणि गप्प राहिली. बोलली असती तर नोकरी गेली असती आणि केस तिच्यावर झाली असती.

उद्या शनिवारी सकाळी दहाला कारखाना निरीक्षक येणार होता. तक्ता बघणार होता, आणि पाच नंबरच्या टाकीत माणूस नियमानं कसा उतरवता तेही मला करून दाखवा, म्हणाला होता. तक्त्यात अजून बेचाळीसच होतं. म्हणून हा शुक्रवार.

वॉचमननं ऑफिस उघडून दिलं. तिनं फाइल उघडली, चौदा तारखेची ओळ काढली. तीनशे सतरा आत, बाहेर आल्याची वेळ अकरा. मेलेल्या माणसाची बाहेर आल्याची वेळ. तिनं सकाळी नवालाच भरलेली. ती तिकडे न बघता शेजारच्या चौकोनात गेली, बेचाळीस खोडलं, तीनशे अठरा लिहिलं. हिरवी खूण आली. हुश्श करून पाण्याची बाटली उघडली, घोट घेतला आणि पुन्हा पाहिलं.

बेचाळीस.

तिला वाटलं आपणच चुकलो. पुन्हा लिहिलं, या वेळी नजर हलवली नाही. तीनशे अठरा होतं, होतं, होतं, आणि तिच्या डोळ्यांदेखत आकडा गेला नि बेचाळीस आला. खाली बारीक अक्षरांत होतं: शेवटचा बदल, टॅब ३, आत्ताच.

चोराच्या मनात चांदणं. तिच्या मनात पहिलं आलं ते हेच की टॅब कुणाला तरी सापडला, त्यानं चार्ज केला, आणि आता तो आपल्याला खेळवतोय. सुका? पण सुकाला कारखान्याच्या आत घेत नव्हते. तिनं दिग्विजय साहेबांना फोन लावला. टॅब आत गेला होता हे सांगायची हिंमत झाली नाही, नुसतं म्हणाली की फाइल टिकत नाही, टॅब तीनवरून कोणीतरी बदलतंय.

साहेब वैतागले. "मॅडम, असले प्रॉब्लेम मला सांगू नका. टॅबची परवानगी काढून टाका आणि विषय संपवा."

तिनं फोल्डरची परवानगीची यादी उघडली, टॅब ३ वर बोट ठेवलं, काढून टाक म्हणाली. गोल फिरलं, थांबलं. यादी परत आली तेव्हा तिचं नाव सगळ्यात खाली होतं आणि त्यापुढे लिहिलं होतं, फक्त वाचता येईल. सगळ्यात वर, मालक या शब्दापुढे, टॅब ३.

सॉफ्टवेअरचं असं होतं हो, आजवर शंभरदा झालं होतं. परवानग्या उलट्यापालट्या होतात, जुनं यंत्र उशिरा जागं झालं की आपलंच खरं करतं. तिनं स्वतःला हेच सांगितलं, आणि सांगत असतानाच फाइल खाली खाली वाढायला लागली.

आकडे वर चढत होते. चौदा तारखेचे, दर दोन मिनिटांचे. वीस पूर्णांक एक. एकोणीस पूर्णांक चार. सतरा. चौदा. मध्ये एका ओळीत त्यानं ऑक्सिजनच्या रकान्यात बेचाळीस टाकलं होतं. पुढच्या ओळीतही बेचाळीस. मग पुन्हा बेचाळीस, बेचाळीस, बेचाळीस. अक्षर येत नसलेला माणूस हाक कशी मारणार? जे येत होतं त्यानंच त्यानं मारली.

मग नऊ. मग सहा. सहाला माणूस शुद्धीत राहत नाही, हे तिनंच सगळ्यांना शिकवलं होतं. पण ओळी थांबल्या नाहीत. शून्य. शून्य. शून्य. तारीख पंधरा झाली, सोळा झाली. यंत्र पोलिसांकडे सीलबंद पडलेलं आणि इकडे दर दोन मिनिटांनी कोणीतरी टाकीतली हवा मोजून लिहीत होतं, दीड महिना, न चुकता. शेवटची ओळ आजची, बारा वाजून दहा मिनिटं. तिनं घड्याळ पाहिलं. बारा वाजून अकरा झाले होते.

पळायचं की नाही? कुणीही पळालं असतं. पण ज्याला काही लपवायचं असतं त्याचे पाय उलटेच पडतात. टॅब बाहेर कुठेतरी आहे हे डोळ्यांनी दिसलं तर बाकी सगळं खोटं ठरणार होतं. तिच्या मोबाइलवरून हरवलेला टॅब वाजवता यायचा. ती आवारात आली, 'वाजवा' दाबलं आणि कान दिला.

आधी काहीच नाही. मग लांबून, घट्ट झाकलेल्या पातेल्यातून यावी तशी रिंग. ती आवाजाच्या मागे गेली. चार नंबरची टाकी गेली. पाच नंबरपाशी पायांखालची जाळी थरथरत होती. झाकण जागेवर, सोळाच्या सोळा बोल्ट आवळलेले, वरचा रंगसुद्धा तडकलेला नाही. रिंग आतून येत होती, तळातून. वास मात्र झाकणातून येत होता, त्या दिवशीचाच.

ती शिडी चढून झाकणावर वाकली. रिंग हळूहळू वर येत होती. तळातून मधे आली, मधून तोंडाशी आली, तिच्या तळहाताखालच्या पत्र्याला येऊन भिडली. मग मध्येच तुटली. तिच्या मोबाइलवर अक्षरं आली: टॅबवरून आवाज बंद केला.

बोट लावल्याशिवाय तो आवाज बंद होत नाही.

ती शिडीवरून कशी उतरली ते तिचं तिला आठवत नाही, गुडघे सोलले होते एवढं खरं. वॉचमन धावत आला. आत कोण आहे, तिनं विचारलं. तो म्हणाला, "कोई नहीं है मैडम... डेढ़ महीने से उधर कोई गया ही नहीं." आणि तिच्याकडे असा बघत राहिला की तिला त्याचीही भीती वाटली.

गेटबाहेर येऊन ती कठड्यावर बसली. लाज वाटली, भीती वाटली, आणि दोन्ही एकदम वाटली की माणूस खरं बोलतो. तिनं सुकाला फोन लावला. दीड महिना ज्याच्याशी नजर चुकवली त्याला तिनं सगळं सांगितलं. बाहेर थांबणारी मी होते, तुला दोराला मीच पाठवलं, टॅब मीच दिला, मी जागा सोडली. उद्या निरीक्षकाला हेच सांगेन, फाइलीत आता तेच राहील.



"मला ठाऊक हाय," सुका हळू म्हणाला. "दादा सांगतो ना..."

"काय... काय सांगतो?"

"रोज एकच. मी वर बघतोय... बाय अजून आली नाय."

फोन त्यानंच ठेवला. शिवी दिली असती तरी बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

तेवढ्यात दिग्विजय साहेबांचा मेसेज आला. निरीक्षकांचा फोन होता, उद्याच्या प्रात्यक्षिकाला मजूर नको म्हणाले, सेफ्टी ऑफिसरनंच टाकीत उतरून दाखवायचं. तयारीत या.

ज्ञानेश्वरीनं मोबाइलवर फाइल उघडली. तिला आता फक्त वाचताच येत होतं. सगळ्यात खाली एक नवी ओळ होती, तारीख उद्याची. टाकी पाच. आत जाणारा बेचाळीस. बाहेर थांबणारा तीनशे सतरा. आत जाण्याची वेळ दहा. हवा अजून कुणी मोजलेली नव्हती, पण ऑक्सिजनचा रकाना आगाऊ भरून ठेवला होता, वीस पूर्णांक नऊ.

ती आगाऊ भरायची तेव्हा बाहेर आल्याची वेळही टाकून ठेवायची. या ओळीत तेवढा रकाना रिकामा होता.