चौघांची बाज

शहागडच्या पुलाअलीकडं एस.टी. थांबली, आणि तिच्यातून आधी एक छत्री उतरली, मग एक फाईल, आणि मग तो!

परतीचा पाऊस असा तिरपा कोसळत होता की छत्री उघडताक्षणी उलटी झाली. फाईल छातीशी धरून तो जो धावत सुटला तो थेट कडूबांच्या हॉटेलात, पत्र्याखाली, सत्यशीलेच्या पुढ्यात. केसांतून पाणी निथळतंय, चष्म्यावर थेंबच थेंब... नि फाईल मात्र कोरडी ठणठणीत!

सत्यशीलेनं हसू दाबायचा प्रयत्न केला. जमलं नाही. एकवीस वर्षांची होती ती, त्याच उन्हाळ्यात जालन्याच्या कॉलेजातून बी.ए. झालेली, आणि शाळेत नोकरी लागेपर्यंत आबांच्या गल्ल्यावर बसणारी. कडूबा म्हणजे तिचे वडील, तिचे आबा.

"या, बसा. उलट्या छत्रीवाल्याला आमच्याकडं चहा जरा जास्त मिळतो."

"चहा पुढच्या खेपेला घेईन." त्यानं शर्टाच्या टोकानं चष्मा पुसला. चष्म्याशिवायचे डोळे असे गोंधळलेले होते, की सत्यशीलेला उगाचच पदर सावरावासा वाटला. "मी पुरवठा ऑफिसातून आलोय. देवानंद साळवे. तुमच्याकडं खुर्च्या किती?"

"खुर्च्या?"

"हो. रस्त्यावरच्या अकरा हॉटेलांच्या खुर्च्या मोजून राह्यलो."

"एक हाय. तिच्यावर रेडिओ बसतो."

"आणि माणसं?"

सत्यशीलेनं हात फिरवला. पत्र्याखाली काथ्यानं विणलेल्या सहा बाजा. एकीवर पंजाबचा ड्रायव्हर आडवा, दुसरीवर बीडकडचे तिघं बशीत फुंकर मारतायत, तिसरीवर एक म्हातारबा मांडी घालून. ट्रकवाला माणूस दिवसभर एकाच जागी बसून येतो, त्याला परत खुर्ची कशाला? त्याला पाठ टेकायला बाज पाहिजे!

देवानंदनं सगळीकडं पाहिलं, पेन काढलं, आणि कागदावर वाटोळं गरगरीत शून्य काढलं.

"हे काय लिवलं?"

"नवा हुकूम आलाय. साखरेचं परमिट खुर्च्यांवर. जेवढ्या खुर्च्या, तेवढं गिऱ्हाईक, तेवढी साखर." त्याचा आवाज पडला. "रेडिओची खुर्ची धरत नाहीत. तुमच्या खुर्च्या शून्य, म्हणजे..."

"म्हणजे साखर शून्य?"

बाहेर पाऊस अचानक थांबला. जणू तोही ऐकत होता.

"मला पटून नाही राह्यलं, पण कागदाला पटतं," तो हळूच म्हणाला. "तुम्ही सगळ्यांनी मिळून अर्ज करा. नीट लिहून. कोणीतरी शिकलेलं असेल ना इथं?"

सत्यशीलेची मान अशी ताठ झाली!

"बी.ए. चालंल का, साहेब?"

तो हसला. एकाच गालावर खळी होती त्याच्या. दुसऱ्या गालावर का नाही, याचा विचार सत्यशीला संध्याकाळपर्यंत करत बसली.

*

दुसऱ्या दिवशी अकरा हॉटेलवाले कडूबांच्या बाजांवर दाटीवाटीनं जमले. सगळ्यात मोठं हॉटेल रस्त्यापलीकडच्या रखमाजींचं. त्यांनी लगेच तोड काढली.

"अर्ज-बिर्ज कशाला करता? मंडपवाल्याकडून शंभर खुर्च्या भाड्यानं आणू. साहेब मोजून गेला की परत!"

सगळे हसले. कडूबा हसले नाहीत.

"मी न्हाई आणणार," ते म्हणाले. "रखमाजी, लहानपणी मी चहा पेलो तो हाटेलच्या भाईर उभं राहून. कप न्यारा, तो बी खिळ्याला टांगलेला. बस म्हणून कोणी म्हणलं न्हाई. छप्पन साली दीक्षा घेतली, मंग हे हाटेल काढलं, तवाच ठरवलं, माझ्याकडं जो येईल तो बसंल, अन् दुसऱ्याला लागून बसंल. खुर्चीवर माणूस एकटाच ऱ्हातो. माझ्या बाजा खऱ्या हायेत. त्याच मोजा म्हणा सरकारला."

रखमाजी कितीतरी वेळ काथ्याची एक वीण बोटानं ओढत राहिले. मग म्हणाले, "लिही गं पोरी. पहिली सही माझी घे."

आणि सत्यशीलेनं लिहिलं! गल्ल्यावरच्या बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून, तीनदा खोडून, चौथ्यांदा सुवाच्य. गुळाचा चहा केला तर दूध फाटतं, हे लिहिलं. परमिटाबाहेरची महाग साखर चहावाल्याला परवडत नाही, हे लिहिलं. आणि शेवटी ठसक्यात लिहिलं, 'खुर्ची शासनाने दिली, बाज आमच्या आजोबांनी. शासनाने दोन्हींवर बसून पाहावे.'

जे लिहिलं नाही ते तिला एकटीला ठाऊक होतं. महिनाअखेर परमिट संपणार होतं. ते मिळालं नाही तर आबा हॉटेल बंद करून परतूरच्या जिनिंगात हमालीला जाणार होते. पन्नाशीत, पाठीवर कापसाचे बोद घेऊन.

*

अर्जाची चौकशी करायला पुन्हा देवानंदच आला. या वेळी ऊन होतं, छत्री नव्हती, हातात मोजपट्टी होती. आणि केस... केस नीट भांग पाडून बसवलेले होते! सत्यशीलेनं ते पाहिलं, आणि आपण सकाळी अबोलीचा गजरा का माळला असावा, असं स्वतःला अजिबात विचारलं नाही.

"एका बाजेवर किती माणसं बसतात?" त्यानं विचारलं.

"कोणत्या बाजेवर? ही राणी. हिच्यावर पाच. ही दगडी, तीन. अन् ही लंगडी."

"बाजांना नावं?"

"माणसांना असतात, मंग बाजांनी काय केलं?"

तो लंगडीवर बसला. लंगडीचा एक पाय आखूड. ती एकदम कलली, तो कलला, मोजपट्टी सुर्रकन सुटून सत्यशीलेच्या पायाशी आली. तिनं उचलून दिली. पट्टीचं एक टोक त्याच्या हातात, एक तिच्या. मध्ये तीन फूट दोन इंच... दोघांनीही वाचलं नाही.

"एकट्याला पाडते ती," सत्यशीला म्हणाली. "दोघं बसले तर डुलते. तिघं बसले तर कुरकुरते. चौघं बसले की काथ्या ताणतो, पाय टेकतो, अन् मंग कशी गुमान ऱ्हाते."

"खरं?"

"पाहा की बसवून!"

त्यानं बसवलं. पंजाबी ड्रायव्हर, म्हातारबा, आबा आणि तो स्वतः. लंगडी जागची हलली नाही. देवानंदनं मनापासून आनंदून कागदावर चार लिहिलं, आणि सत्यशीलेनं तेवढ्यात आलं घालून, साय टाकून, स्वतःच्या हातचा चहा त्याच्यापुढं धरला. "घ्या. पुढची खेप झाली."

त्यानं कपाकडं पाहिलं. मग त्याची नजर वर गेली, गल्ल्यावरच्या फोटोकडं. आणि हात मागं आला.

"नको," तो म्हणाला. "आज... नकोच."

कप सत्यशीलेच्या हातात तसाच राहिला. फोटो पाहिला आणि नको म्हणाला? कळलं आपण कोण ते, आणि...?

"आमच्या कपाला काटे नसतात, साहेब," ती म्हणाली. आवाज कापू दिला नाही, हे विशेष. "पण जाऊ द्या. न्याऱ्या कपाचा खिळा नाही आमच्याकडं."

"तुम्ही चुकीचं..."

"तुमची गाडी आली."

खरंच आली होती. तो पायरीवरून वळला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि कंडक्टरनं घंटी ओढली. त्या कपातला चहा सत्यशीलेनं ओतून दिला नाही. स्वतःच प्यायली, रागानं, एका दमात. तोंड पोळलं.

*

पंधरा दिवसांनी जालन्याला सुनावणी लागली. "लंगडीला घेऊन जाऊ," सत्यशीला म्हणाली. सगळे हसायला लागले. ती हसत नाही असं पाहून गप्प झाले. मग एका ओळखीच्या ट्रकच्या टपावर लंगडी चढली, चारही पाय आभाळाकडं करून! अंबड गेलं, जालना आलं, रस्त्यानं पोरं ओरडत होती, "बाजेची वरात, बाजेची वरात!" सत्यशीलेचे कान उगाचच तापले.

मोठ्या साहेबांनी व्हरांड्यातली बाज पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. अंगानं चांगले भरलेले होते. बाजूला देवानंद उभा होता, उतरलेल्या चेहऱ्याचा. सत्यशीलेनं त्याच्याकडं पाहिलं नाही. म्हणजे दोनदाच पाहिलं.

"बाज ही झोपायची वस्तू," साहेब म्हणाले. "एका माणसाची. आणि हे आमचे साळवे लिहितात, चार! काय हो साळवे, शहागडला चहापाणी बरंच झालेलं दिसतं. या अहवालाला काय किंमत द्यायची?"

देवानंदचा चेहरा पांढरा पडला. नवी नोकरी त्याची! हॉटेलवाले खाली पाहू लागले. आणि सत्यशीलेच्या डोक्यात, दिवा लागावा तसं, सगळं एकदम उजळलं. तो मागं आलेला हात... ते 'आज नको'...

"साहेब, यांनी चहा न्हाई पेला!"

सगळा व्हरांडा वळला.

"मी स्वतः दिल्ता. आलं घालून, साय टाकून. यांनी हात न्हाई लावला, पाणीसुद्धा न्हाई पेलं. मी रागावले, वाट्टेल तसं बोलले, तरी न्हाई. मला तवा कळलं न्हाई का ते. आत्ता कळलं." तिचा श्वास संपला. तिनं दुसरा घेतला. "अन् अहवाल खोटा वाटत असंल तर लांब कशाला जायचं? बाज ही उभी. बसा की, साहेब!"

आबांनी डोळे मिटून घेतले. पण साहेब... साहेब खरंच बसले! लंगडी अशी कलली की त्यांनी घाबरून कडूबांचाच हात धरला. कडूबा शेजारी बसले, बाज डुलली. रखमाजी बसले, कुरकुरली. "साळवे, या इकडं," साहेब ओरडले. देवानंद बसला.

लंगडी गप्प. खट नाही, कुर नाही.

साहेबांनी जरा हलून पाहिलं. मग मागं टेकावं तसा श्वास सोडला. "अरे," ते म्हणाले, "बरं वाटतं की हो हिच्यावर!"

बाजेमागं चार माणसांची साखर! हुकमात दुरुस्ती होईपर्यंत जुनं परमिट चालू, असा कागद संध्याकाळच्या आत रखमाजींच्या हातात पडला.

ट्रकवर बाज चढत असताना देवानंद सत्यशीलेशेजारी येऊन उभा राहिला. "त्या दिवशी फोटो पाहिला म्हणूनच नको म्हणालो," तो हळू म्हणाला. "टेंभुर्णीला आमच्या घरातही तोच आहे. त्याच्यासमोर तुमचा चहा पिऊन तुमचाच अहवाल लिहायचा... हात नाही धजला."

"मंग तसं सांगायचं न्हाई का?"

"तुम्ही गाडीत बसवून दिलं!"

ती हसली. डोळ्यांत पाणी होतं, तरी हसली. "आता अहवाल संपला?"

"संपला."

"मंग चहा?"

पण ट्रक सुरू झाला. तो काय म्हणाला ते इंजिनाच्या आवाजात तिला ऐकूच आलं नाही...

*

आठ दिवस. सत्यशीलेनं प्रत्येक एस.टी. पाहिली. नवव्या दिवशी दुपारच्या गाडीतून एक छत्री उतरली. सरळ. काडी नवी बसवलेली.

"एक चहा," देवानंद म्हणाला, आणि मुद्दाम लंगडीवर बसला. ती कलली.

सत्यशीलेनं दोन कप आणले. बशा वाजत होत्या. त्यानं पहिला घोट घेतला, डोळे मिटले. "याच्यासाठी मी नोकरी घालवायला निघाल्तो," तो म्हणाला, "तर बरोबरच होतं."

"फक्त चहासाठी?"

"नाही." त्यानं कप खाली ठेवला. चष्मा काढला, ते गोंधळलेले डोळे पुन्हा! "सत्यशीला, आई आल्तीय सोबत. तिकडं स्टँडच्या बाकावर बसलीय. मी म्हणालो, आधी तुम्हाला विचारतो. तुम्ही नाही म्हणालात तर आम्ही त्याच गाडीनं..."

"काय म्हणून राह्यले तुम्ही!" सत्यशीला उभीच राहिली. "आईला बाकावर बसवून तुम्ही इथं चहा पिऊन राह्यले? उठा आधी! ... न्हाई, थांबा, बसा. मीच आणते!"

आणि ती रस्ता ओलांडून धावत गेली, ट्रकवाल्यांनी भोंगे वाजवले तरी.

मालनबाई आल्या, लुगड्याचा पदर डोक्यावर, हात सत्यशीलेच्या हातात. कडूबांनी जयभीम केला, खांद्यावरच्या टॉवेलनं लंगडी पुसली आणि म्हणाले, "बसा, बाई. इथं सगळे बसतात."

मालनबाई बसल्या, शेजारी कडूबा. बाज कुरकुरली.

तिघंच होते.

 देवानंद थोडा सरकला, आणि काथ्यावरची मोकळी जागा तळहातानं एकदा पुसली. सत्यशीलेनं आबांकडं पाहिलं. आबा हसत होते.

ती बसली.

लंगडीचा आखूड पाय हळूच जमिनीला टेकला.