बोर्डाची पाठवणी

पालघरच्या कोर्टाने मला नादारीतून मुक्त केलं, तेव्हा वत्सला शिरगावात घरोघरी पेढे वाटायला निघाली होती. मीच थांबवलं. मी नादार झालो होतो हे ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनाही पेढ्याबरोबर ते कळलं असतं. शेवटी आम्ही तिघांनीच पेढे संपवले: मी, वत्सला आणि आमची मुलगी, बाय.

आमच्या किनाऱ्यावर सगळ्याच पोरींना बाय म्हणतात, तसंच आम्हीही तिला घरात म्हणायचो. ती बोईसरला एका औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये आहे. घर तिच्याच पगारावर चालत होतं. म्हणजे कायद्याने मी निर्धन आणि व्यवहाराने मुलीचा पाहुणा.

बोईसर-तारापूर रस्त्याला माझा बर्फाचा कारखाना होता. बाय जन्मली त्याच वर्षी काढला आणि तिचंच नाव दिलं. आमच्याकडे ही रीतच आहे; शेड उभी राहिली की बोर्डावर मुलगी चढते. मुलाचं नाव दिलं तर तो मोठा होऊन ते बुडवेल अशी बापाला धास्ती असते. माझ्या बाबतीत बापानेच ते काम उरकलं. मासळी घटली, बोटी बर्फ कमी नेऊ लागल्या, विजेचं बिल मात्र थंड पडेना. कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरने सगळं विकलं. भंगारवाला बोर्डाला हात घालायला गेला तशी वत्सला बोर्ड कवटाळून उभी राहिली. "पोरीचं नाव हाय त्याच्यावर. भंगारात नाय जायचं." रिसीव्हर भला माणूस. म्हणाला, "न्या घरी." तेव्हापासून तो पत्रा आमच्या मागच्या पडवीत भिंतीला टेकून होता. दसऱ्याला त्याला झेंडूची माळही पडायची.

"काका, आता कुणी वसुलीला आलं तर कोर्टाचा आदेश दाखवायचा. विषय संपला," असं माझ्या वकिलाने, केळव्याच्या दर्पणने, सांगितलं होतं.

विषय संपला होता, फोन संपले नव्हते.

"सर, पेमेंट कब करेंगे?"

"कोर्ट ने छोड़ दिया है, भाई."

"कोर्ट ने छोड़ा होगा सर, सिस्टम ने नहीं छोड़ा."

मग वत्सलाला फोन. मग शेजारच्या जयवंतीला, की तुमचे शेजारी घरात आहेत का बघून सांगा. जयवंतीने बघून सांगितलंही; बोलून चालून शेजारधर्म. दर्पण म्हणाला, बँका बुडीत कर्जं गठ्ठ्याने विकतात, घेणारा पुढे विकतो, तो आणखी पुढे. हे मला समजायला वेळ लागला नाही. बाजार उठताना जी मासळी उरते ती कुणी ना कुणी नेतोच. शेवटी खतवाला येतो. माझं कर्ज आता खतवाल्यापर्यंत पोचायला आलं होतं.

घरात कुणी धड जेवेना. फोन वाजला की वत्सलाच्या हातातलं भांडं पडायचं. तिने फोन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. मग दुपारभर तांदूळ घुमत राहायचे.

तो आला तेव्हा भर दुपार होती. अंगणापलीकडे बांबूंवर बोंबील वाळत होते आणि त्यांच्यावर माशांचा ढग. मी आत पाणी प्यायला गेलो आणि परत आलो, तर ओट्यावर एक माणूस बसलेला. पांढरा शर्ट, इस्त्री मोडलेली नाही, कपाळावर घाम नाही. गाडीचा आवाज मला आला नव्हता.

"पाणी देऊ?"

"नको. बसा ना."

माझ्याच ओट्यावर मला बसायला सांगितल्यामुळे मी बसलो. आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. थोड्या वेळाने लक्षात आलं: बोंबलांचा वास येत नव्हता. आम्हा शिरगावकरांना तो एरवीही येत नाही, पण तो थांबल्याचं मात्र मला कळलं. माशा त्या माणसापासून वावभर, दोन हात पसरावेत तितक्या, दूर होत्या, सगळ्या बाजूंनी, जणू कुणी आखून दिल्यासारख्या.

मी कोर्टाचा आदेश पुढे केला. त्याने तो न उघडता परत दिला.

"खरा आहे. तुम्ही सुटलात. तुमच्याकडे आमचं काहीच येणं नाही."

इतका सभ्य वसुलीवाला मी पाहिला नव्हता.

"मग आलात कशाला?"

"येणं कारखान्याकडे आहे."

"कारखाना कुठे राहिलाय? जमीन गेली, यंत्रं गेली."

"ते ज्याचं त्याने नेलं. माझ्या वाट्याला जे उरलं ते आलंय." मग त्याने बायचं नाव घेतलं. सावकाश, प्रत्येक अक्षर तोंडात ठेवून बघितल्यासारखं. "बोर्ड मागच्या पडवीत आहे ना?"

मागची पडवी ओट्यावरून दिसत नाही.

मी आत जाऊन दर्पणला फोन लावला. तो हसायलाच लागला. "काका, पत्र्याचा बोर्ड? द्या की! वर रिक्षाचं भाडंही द्या. फक्त 'येणं फिटलं' असं लिहून घ्या."

मलाही हसू आलं. इतकी वर्षं पैसे मागणारे भेटले, पत्र्यावर खूश होणारा हा पहिलाच.

वत्सला मात्र अडून बसली. देऊ नका म्हणाली नाही; डब्यात घुमणाऱ्या तांदळांनी तीही थकली होती. पण म्हणाली, "पोरीचं नाव हाय. अशी रिकामी कशी धाडू?" तिने बोर्ड ओल्या फडक्याने पुसला. अक्षरांना हळदकुंकू लावलं. मग खण, नारळ, तांदूळ घेऊन पत्र्यापुढे बसली आणि मुलगी सासरी निघताना भरतात तशी त्याची ओटी भरली. भरता भरता तिचे डोळे पाण्याने भरले.

"जावई तरी नीट बघून घे," मी म्हणालो. मला अशा वेळी गप्प बसता येत नाही.

तो माणूस हे सगळं हात जोडून, उभा राहून बघत होता. पहिल्यांदाच तो हसला.

"रीतीने कुणी देत नाही हो," तो म्हणाला. "आजवर ओढूनच न्यावं लागलं."

त्याने सही करून कागद दिला. ओटीचं सामान रुमालात बांधलं, बोर्ड काखेत घेतला. मग वाकून आधी वत्सलाच्या पाया पडला, नंतर माझ्या. वसुलीवाल्याने पाया पडणं मला विनोदी वाटलं. तो एसटी स्टँडकडे न जाता शिरगावच्या किल्ल्याच्या बाजूने समुद्राकडे गेला. तो वळणाआड गेला तसा बोंबलांचा वास एकदम अंगावर आला.

फोन त्या दुपारपासून बंद झाले. तांदूळ गप्प झाले. आम्ही पोटभर जेवलो.

दोनेक दिवसांत बाय वैतागून घरी आली. कंपनीतलं हजेरीचं मशीन तिचा अंगठा घेईना. लॅबमध्ये रसायनांनी बोटं घासतात, होतं असं. पुढच्या खेपेला वॉचमनने तिला गेटवर थांबवून विचारलं, कुणाला भेटायचंय. चार वर्षं तो तिच्याकडून डोकेदुखीच्या गोळ्या नेत होता.

"बदली वॉचमन असेल," मी म्हणालो.

"नाय हो बाबा, तोच."

मग एका सकाळी जयवंती बोंबील उलटवताना थांबली. बाय तिच्यासमोरून विहिरीकडे गेली होती. जयवंतीने मला हळूच विचारलं, "काका, पावनी कदी आली?"

"कुठली पाहुणी?"

"ही काय. तुमच्या वत्सलाकाकीसारखीच दिसते हां. भाची काय?"

जयवंती मस्करी करते. मी हसलो. ती हसली नाही.

मी त्या दिवशी बायला कामावर जाऊ दिलं नाही. दाराला कडी घातली. वसुलीवाल्याने दिलेला कागद काढून पाहिला. 'येणं फिटलं' असंच लिहिलं होतं.

संध्याकाळी वत्सलाने चहा केला. मला नेहमीचा पेला दिला. बायला पाहुण्यांची कपबशी.

"साखर किती घालू तुमाला?" वत्सलाने तिला विचारलं.

"आई, काय गं हे!"

वत्सला ओशाळून माझ्याकडे बघायला लागली. परक्या मुलीने आई म्हटल्यावर बाई जशी बघते, तशी.

"वत्सला, ही आपली..." मी म्हणालो, आणि नावापाशी अडलो.

बोर्ड मला डोळ्यांपुढे लख्ख दिसत होता. निळा पत्रा. कोपऱ्यात पेंटरने स्वतःच्या मनाने काढलेला पेंग्विन. खाली 'आइस फॅक्टरी'. वरची ओळ नुसती निळी होती.

मी ती ओळ परत परत वाचली.

बायने चहा अर्धाच घेतला. कपबशी स्वतः विसळून पालथी घातली. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती. ओढणीच्या टोकाला तिने मूठभर तांदळाएवढं काहीतरी गाठ मारून बांधलेलं होतं. काय ते मी विचारलं नाही.

मग ती उठली. कुणी बोलावलं नव्हतं, पण बोलावल्यासारखी उठली. आधी वत्सलाच्या पाया पडली, मग माझ्या.

"येते हां," ती म्हणाली. आवाज तिचाच होता.

कडी तिने आतून सहज काढली. चपला घातल्या. अंगण ओलांडून ती समुद्राच्या बाजूला वळली. मी धावत ओट्यावर आलो. पायरीवर गुडघा आपटला. ती फार लांब गेली नव्हती. नावाने हाक मारली असती तर वळली असती, याची मला खात्री आहे.

"बाय!" मी जीव तोडून ओरडलो. "ए बाय!"

बोंबील काढणाऱ्या सगळ्या बायकापोरींनी वळून पाहिलं. ती तेवढी चालत राहिली.

"कुणाला हाक मारता, काका?" जयवंतीने विचारलं.