बाराव्या तिथीचं पान

बान आजींनी माशांची पाटी दारात टेकवली आणि बूट काढायच्या आधीच सांगून टाकलं, "आमचा पूर्वज पळाला नव्हता. तेवढं सिद्ध करून द्या, बाई."

प्यो इन-रेने चष्मा वर सरकवला. पोलिसांत वीस वर्षं बनावट कागद ओळखण्यात घालवून तिने आता स्वतःची कचेरी थाटली होती. तिचा सोबती गिल हा निवृत्त हवालदार. तो गाडी चालवायचा आणि प्रश्न विचारायचा. प्रश्न बहुतेक चुकीचे असत, पण ती ऐकून घ्यायची.

आजींची हकिगत अशी. चारशे वर्षांपूर्वी जपानी आरमार चालून आलं, तेव्हा इथल्या खाडीतल्या गलबतांचा सरदार सोक घराण्यातला होता. त्याची युद्धातली रोजनिशी त्या घराण्याने जिवापाड जपलेली. बान दोल हा त्याचा वल्हेकरी. तो लढाईच्या तोंडावर पळाला असं गाव सांगत आलं, आणि बानांच्या पोरींना स्थळं मिळेनात ती याच पायी. आता सोकांच्या रोजनिशीच्या दाखल्यावरून स्मारकाच्या दगडावर पळपुट्यांच्या यादीत त्याचं नाव कोरणार होते. आजींचे वडील मात्र सोकांकडे गडी होते. रोजनिशी वाचली जाताना त्यांनी एकदा ऐकलं होतं की बान दोल पळाला नाही, त्याचं डोकं उडवलं.

"मग डोकं उडवलं हे बरं म्हणायचं?" गिलने विचारलं.

"बरं नाही तर काय? मेलेल्याला तिथी असते, पळालेल्याला नसते. चारशे वर्षं आमच्या घरात त्याच्या नावाने भाताची वाटी ठेवली नाही कुणी. ठेवायची तरी कधी?"

गिल गाडी काढायला उठला. असं उत्तर त्याला अपेक्षित नव्हतं.

दोघं सोकांच्या घरी पोचले तो पाचव्या चांद्र महिन्याचा अकरावा दिवस होता. संध्याकाळी सरदाराच्या आईचं श्राद्ध होतं. एरवी चार पिढ्यांपलीकडे कोणी कुणाचं घालत नाही. पण रोजनिशीत सरदार आईसाठी रडला, म्हणून या घराने तिचं कधी चुकवलं नाही. त्याचा त्यांना कोण अभिमान!

घरचे वडील सोक ग्यू-हान यांनी कमरेची किल्ली काढून पेटी उघडली. ही किल्ली झोपेतही कमरेला असते, असं त्यांनी न विचारता सांगितलं. प्योने लढाईच्या वर्षाच्या खंडातलं पान वाचलं: "अकरावी. आईची तिथी. कचेरीत बसलो नाही. वल्हेकरी बान दोल पळाला, सापडला नाही. बारावी. अधिकाऱ्यांसह तिरंदाजी केली, मद्य घेतलं."

मग तिने इतर वर्षांची तीच पानं काढली आणि गिलला वहीत टिपायला लावलं. तीन वर्षं बारावीला एकच ओळ होती: आईची तिथी, कचेरीत बसलो नाही. सरदारसाहेब दरसाल हक्काची रजा घेत होते म्हणायचे, असं मनात म्हणून गिलने वही मिटली.

"कागद जुनाच आहे," तो बाहेर येऊन म्हणाला. "म्हणजे पान खरं."

"शेवटचं एक कोरं पान कापलेलं आहे, पाहिलंस? जुन्या कागदावर नवी शाई चालते, गिल."

गावात अक्षर शिकवणारे मेंग मास्तर रोजनिशीची प्रत करत होते. बाकीची सगळी त्यांना तोंडपाठ होती. या एका वर्षाचा खंड मात्र त्यांना कधी दाखवला गेला नव्हता. सरदाराचं अक्षर हुबेहूब काढणारे दोघंच, असं त्यांनी कबूल केलं: ते स्वतः आणि त्यांचा एकमेव बरा शिष्य, म्हणजे सोकांचा मुलगा ताए-उन.

ताए-उन राजधानी सोलहून श्राद्धासाठी आला होता. स्मारक समितीचा चिटणीस तोच. त्याला हा सगळा पोरखेळ वाटत होता. घरातल्या तिथ्या आपल्याला लहानपणापासून पाठ आहेत, अकरावीच्या संध्याकाळी आपण परीक्षा सोडूनही आलो आहोत, असं त्याने ऐकवलं.

त्याची आई स्वयंपाकघरात पार थकलेली होती. लग्न होऊन आली तेव्हा मध्यरात्र उलटल्यावर पूजा मांडत, पाय वळून जात. ताए-उन शाळेत जाऊ लागल्यावर ती संध्याकाळवर आणली. हल्ली सगळं लवकर आटपतं, एवढंच सुख. पूजेच्या शेवटी पूर्वजाच्या नावाचा कागद जाळायचं काम यजमानांचं. गेल्या वर्षी जाळ इतका मोठा झाला की तिची बाही करपली.

संध्याकाळी श्राद्धाचं ताट मांडून झालं. बान आजी मासे देऊन दाराशी थांबल्या होत्या. प्यो म्हणाली, "गिल, वही वाच."

गिल वाचू लागला आणि तिसऱ्या ओळीला अडखळला. "बारावी... बारावी... बारावी. आणि त्या पानावर अकरावी."

"सरदाराची आई गेली बारावीला," प्यो म्हणाली. "मध्यरात्रीनंतरची पूजा बारावीतच पडायची. ती आदल्या संध्याकाळवर आणली आणि अकरावीत गेली. मोठ्यांना हे ठाऊक आहे, मास्तरांना रोजनिशी पाठ आहे. ज्याने जन्मभर फक्त संध्याकाळ पाहिली, त्यालाच अकरावी ही तिथी वाटते. त्याने आईच्या खऱ्या तिथीला सरदाराच्या हातात मद्याचा पेला दिला. जे पाठ असतं, ते कोणी तपासत नाही."

ताए-उनने वडिलांकडे पाहिलं.

"हात मुलाचा, पण किल्ली तुमची," प्यो ग्यू-हानना म्हणाली. "आणि गेल्या वर्षीचा मोठा जाळ एका कागदाचा नव्हता. मुलाने काय लिहिलं, ते तुम्ही तपासलंही नाही?"

"त्या पानाकडे मी पुन्हा पाहिलंच नाही." ग्यू-हान ताटाकडे वळले. "आईच्या तिथीला कचेरीत बसून सरदारांनी बान दोलचं डोकं उडवलं. संध्याकाळी टेहळणीची होडी परतली, तेव्हा कळलं की तो त्यांच्याच हुकुमाने किनाऱ्यावर गेला होता. हुकूम दिलेला ते विसरले होते. सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं. त्यांनी लपवलं नाही. आम्ही लपवलं."

"हे समितीपुढे सांगाल?" गिलने विचारलं. या वेळी प्रश्न बरोबर होता.

"पान जळलं. या उंबऱ्याबाहेर मी काही बोलणार नाही."

गिलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं पान उघडं पडेल, नाव दगडाच्या यादीतून गळेल. पण बान दोल निर्दोष होता, हे कुठे लिहिलं जाणार नव्हतं.

आजींनी यातलं काहीच विचारलं नाही. "तिथी बारावी ना?"

"बारावी."

"म्हणजे उद्या." त्यांनी हात पदराला पुसावा तसा झग्याला पुसला. "पंचेचाळीस वर्षं मी तुमच्या या ताटाला मासा आणतेय."

त्या पुढे आल्या आणि मांडलेल्या ताटातला सगळ्यात मोठा मासा त्यांनी दोन्ही हातांनी उचलला. पूजेआधी त्या ताटाला कोणी बोट लावत नाही.  ग्यू-हानच्या बायकोने कमरेचं फडकं सोडून मासा त्यात गुंडाळून दिला.

गाडीत आजी मासा मांडीवर घेऊन बसल्या. गिलने विचारलं, जुन्या पद्धतीने मध्यरात्रीनंतर मांडणार का?

"नाही," आजी म्हणाल्या. "भर दुपारी, दार उघडं टाकून मांडीन. तो काही पळालेला नव्हता."