भीमाबाईच्या हातावरचा आकडा

जामखेडच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या अजिनाथ सरांना आकडे दिसले की तहानभूक सुचत नसे. पण यंदा घरात सुतकी कळा होती. आई, भीमाबाई, दिवाळीपासून अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी हात टेकले होते. आईनं पुन्हा चुलीपुढं बसावं, एवढंच सरांचं मागणं.

भीमाबाईच्या हातावर आकडा गोंदलेला होता : ७३९३९१३३. लेकरं जगत नव्हती, म्हणून अजिनाथ पोटात असताना जत्रेत गोंदवलेला. गोंदणारणीला अक्षरओळख नव्हती, हिलाही नाही.

मंगळवारी अंग पुसताना सरांना दिसलं, शेवटचा ३ गायब. कातडी कोरी, डागसुद्धा नाही. आणि महिनाभर न बोललेल्या आईनं पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी आणखी एक अंक गेला. सरांनी कागदावर भागाकार करून पाहिले आणि हरखलेच.

"आई, अगं लाखात एक संख्या आहे ही! मागचा एकेक अंक काढत जा, उरेल ती मूळ संख्याच. कशानंच भाग जात नाही!"

भीमाबाईनं हात पदराखाली ओढला. "जाऊ दिऊ नगं रं त्याला. तो माझ्यासाठी न्हाई गोंदला."

म्हातारीचं काहीतरीच, म्हणून सर हसले.

७३९३९ उरले त्या दिवशी ती उठून बसली. शाळेत हजेरीपटावर सरांचं नाव सापडेना. "राहिलं आसंल छापायचं," शिपाई म्हणाला.

७३९ ला ती भिंत धरून चालली. सर वर्गात शिरले तर एकही पोरगं उभं राहिलं नाही. कार्ट्यांना शिस्त म्हणून उरली नाही, असं पुटपुटत त्यांनी फळा पुसला.

७३ ला टपरीवाल्यानं तीनदा मागूनही चहा दिला नाही. मरो तो चहा! सर घरी धावले. आई लसूण सोलत होती.

सोमवारी नुसता ७ राहिला. भीमाबाईनं त्यावर चिंधी घट्ट बांधली होती आणि ती रडत होती.

"अजू, मला परत निजव. मला न्हाई बरं व्हायचं."

"वेड लागलं का तुला?"

मंगळवारी सरांनीच चिंधी सोडली.

हात कोरा होता.

दुपारी तव्यावर भाकरी टम्म फुगली. भीमाबाईनं तीन ताटं मांडली. सर पाटावर बसले. आईच्या हातची भाकरी! त्यांचे डोळे भरून आले.

"आत्या," त्यांची बायको सविता सासूला म्हणाली, "आपन दोघीच तर हाय घरात. तिसरं ताट कुनाचं?"

भीमाबाई त्या ताटाकडं बराच वेळ बघत राहिली.

"कुनाचं न्हाई गं. हात चुकला," ती म्हणाली, आणि सरांच्या पुढ्यातली भाकरी उचलून तिनं टोपल्यात परत ठेवली.