सृष्टीचे मॅडम-सर

पारनेरच्या स्टँडवर एसटीतून उतरले तेव्हा बारीक पाऊस पडत होता आणि पुढच्या गावाला जाणारी एकच जीप उभी होती. मागच्या बाकावर एक तरुण बसलेला. मांडीवर लॅपटॉपची बॅग, चष्म्यावर पावसाचे थेंब. मी चढले तसा तो सरकला... इतका सरकला की त्याचा अर्धा खांदा बाहेर पावसात गेला.

"अहो, मी एवढी काही जाड नाही," मी म्हटलं.

"तसं नाही... तुमची ओढणी भिजत होती."

मला हसू आलं. ते लपवायला मी ओढणी झटकली.

जीपवाला गहिनीनाथ फार चौकस. "कुनाकडं जायचं, ताई?"

"सृष्टी औटींकडे."

त्यानं आरशातून आधी मला पाहिलं, मग त्या तरुणाला. "आन् ह्ये पाव्हनंबी तिकडंच चाललेत! पोरगी बघायला आलात व्हय? तुमी करवली का?"

तो तरुण कानापर्यंत लाल झाला. "नाही हो! मी तिचा मेंटॉर आहे."

मी गर्रकन वळले. "स्टीफन?"

"...ग्रेस?"

आता हे समजावून सांगायला हवं. मी ग्रेस भिंगारदिवे. नगरला घरी बसून एका कंपनीची नोकरी करते आणि उरलेल्या वेळात, आईच्या मते, लष्कराच्या भाकऱ्या भाजते. ज्यांना दिसत नाही त्यांना मराठी पुस्तकं मोठ्यानं वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर आहे. ते कुणाच्या मालकीचं नाही. त्याचा कोड सगळ्यांना खुला. ज्याला जमेल त्यानं सुधारावा. दरवर्षी तिथे काही नवी मुलं तीन महिने इंटर्न म्हणून येतात, आणि दोन-दोन मेंटॉर त्यांना हौसेनं शिकवतात. यंदा आमच्या वाट्याला सृष्टी आली होती. दुसरा मेंटॉर स्टीफन उजागरे. आमच्यात फोन नाही, खासगी मेसेज नाही. जे बोलायचं ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहायचं, ही तिथली पद्धत. त्यामुळे दीड-दोन महिने मी या माणसाशी रोज भांडत होते, पण त्याचा चेहरा मला ठाऊक नव्हता.

आणि आता मधल्या टप्प्यावर सृष्टीच गप्प झाली होती. ना कोड, ना निरोप, अर्जावर दिलेला फोनही बंद. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी मिळून तिचा निकाल कळवायचा होता. गप्प बसलेल्या इंटर्नला नापास करून तिचं काम तिथेच थांबवायचं, असा नियम. "नियम म्हणजे नियम," असं मी जगासमोर लिहिलं होतं. आणि आज चर्चमधली रविवारची उपासना बुडवून, अर्जावरचा पत्ता घेऊन गुपचूप तिच्या घरी निघाले होते.

"तुम्ही तर तिला नापास करणार होतात," स्टीफन चष्मा पुसत म्हणाला.

"आणि तुम्ही 'तिला थोडा वेळ द्या' असं लिहून पुण्यात आरामात बसणार होतात ना?"

"पुण्यात? मी राहुरीचा आहे."

राहुरी! म्हणजे आमच्या घरापासून तासाभरावर. एवढ्या जवळून हा माणूस माझं डोकं उठवत होता!

"मला वाटलं होतं, तुम्ही कुणीतरी रिटायर्ड हेडमास्तरीण असाल," तो म्हणाला.

"का?"

"हे! हेच! मी अख्खा परिच्छेद लिहायचा आणि खाली तुमचा एकच शब्द... का?"

"तुमच्या उत्तरांखाली ते हसरं तोंड असायचं त्याचं काय? असा संताप व्हायचा माझा..."

"मग उत्तर लगेच कसं यायचं?"

मी बाहेर बघायला लागले. बाहेर ओली बाजरी होती आणि तीच तशीच बराच वेळ होती.

मधे पाऊस उघडला होता, म्हणून सृष्टीच्या अंगणात ताडपत्रीवर मुगाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. आम्ही जीपमधून उतरायला आणि पावसाची जोरदार सर यायला एकच गाठ पडली. ती, तिची आई आणि वडील कारभारीकाका धावाधाव करत होते. आम्ही कोण, कुठले, हे सांगायला वेळच नव्हता. घमेली घेतली आणि भरायला लागलो. शेवटी रिकामी ताडपत्री उरली. तिची दोन टोकं स्टीफनच्या हातात, दोन माझ्या. घडी घालत आम्ही समोरासमोर आलो. बोटं बोटांना लागली... आणि टोक सोडायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. त्याच्या पापण्यांवर पाणी होतं आणि तो हसत होता.

"आता आत चला की!" काकूंनी हाक मारली. "न्हाईतर तुमचीच घडी घालावी लागंल!"

आम्ही नावं सांगितली तशी सृष्टी पांढरीफटक पडली.

"मॅडम... सर... दोघंबी?"

"काम का पाठवलं नाहीस गं?" मी शक्य तितक्या मऊ आवाजात विचारलं.

ती टॉवेलचं टोक पिळत राहिली. मग एकदम बोलून गेली, "तुमचं मिटायची वाट बघत हुते!"

आमचा वाद साधा होता. पुस्तक वाचताना आवाजानं कुठे थांबायचं? मी म्हणत होते, विरामचिन्हं असतील तिथे. स्टीफन म्हणत होता, ऐकणारा म्हणेल तिथे. वाद लांबत गेला, आणि आमच्या दोघांच्या मधे निमूट उभी होती सृष्टी.

"मी दोन्ही परकारानं करून ठेवलंय. पण तुमचं पाठवलं तर सर नाराज, सरांचं पाठवलं तर तुमी. घरात मोठ्यांचं वाजलं की आमी मधी बोलत न्हाई. बोललं की दोघं मिळून आमच्यावरच येत्यात. म्हणून फोनच बंद ठिवला."

"खरंय ते," कारभारीकाका म्हणाले.

मला फार वाईट वाटलं. स्टीफनही मान खाली घालून बसला होता.

"आन्... एक तिसरं केलंय," सृष्टी हळूच म्हणाली. "माझं मीच."

तिनं लॅपटॉप उघडला. आवाज एक गोष्ट वाचू लागला. विरामचिन्हांवर थांबत होता, बोट ठेवलं की ऐकणाऱ्याच्या मर्जीनंही थांबत होता. आणि एक पात्र बोलून दुसरं बोलायला लागायच्या आधी तो किंचित जास्त थांबायचा, म्हणजे बोलणारा बदलला हे कळावं. हे ना मला सुचलं होतं, ना स्टीफनला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "पास," दोघंही एकदम म्हणालो, आणि ओट्यावर रेंज शोधून तिथूनच निकाल कळवून टाकला. सृष्टी रडत-हसत आत पळाली. मी इतकी खूश झाले होते की तिसरा चहाही प्यायले.

निघताना काकू ताट घेऊन आल्या. त्यात टॉवेल, टोपी आणि हिरवा ब्लाऊजपीस. काकांनी पुढे होऊन टॉवेल स्टीफनच्या खांद्यावर टाकला आणि टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली.

"पयल्यांदाच जोडीनं आलात. मोकळ्या हातानं कसं धाडायचं?" काकू म्हणाल्या.

"जोडीनं?" मी चमकून विचारलं. "काकू... आम्ही नवरा-बायको नाही."

"आता गं बाई!" काकूंनी तोंडावर पदर धरला. "सृष्टे, तू तर म्हनालीस, मॅडम-सर रोज भांडत्यात!"

"मला तसंच वाटलं, आई!"

"आम्ही आजच पहिल्यांदा भेटलो," स्टीफन म्हणाला.

कारभारीकाकांनी दोघांना नीट न्याहाळलं. "नवरा-बायको न्हाई," ते विचारात पडून म्हणाले, "मग रोज भांडता कशाला?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं... पण ते आजवर मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. सकाळी उठल्यावर सगळ्यात आधी मी या माणसाचं उत्तर आलंय का ते बघत होते. आलेलं नसलं की मला चहा गोड लागत नव्हता.

"खरं सांगू, काका?" स्टीफन म्हणाला. टोपी त्याच्या डोक्यावर जरा तिरकी बसली होती. "यांचं म्हणणं मला केव्हाच पटलं होतं. पण 'पटलं' असं लिहिलं असतं, तर वाद संपला असता. मग यांनी मला कशाला लिहिलं असतं? सृष्टी, चूक झाली आमची... माझी."

"आमचीच," मी म्हणाले. "मलाही तुमचं पटलं होतं."

"कधी?"

"दुसऱ्याच आठवड्यात."

त्यानं कपाळावर हात मारला. मग असा हसला की मलाही हसू आवरेना. आम्ही दोघंही आपल्याला न पटणाऱ्या बाजूनं इतके दिवस जीव तोडून भांडत होतो!

"ग्रेस," हसू थांबल्यावर तो हळू म्हणाला, "मला तुम्ही फार आवडता. वाद नसतानाही लिहाल का मला?"

"लिहीन," मी म्हणाले. "आणि राहुरी काही लांब नाही. भेटायलाही येईन."

काकू अजून ताट धरून उभ्या होत्या. त्यात एकटा ब्लाऊजपीस उरला होता. "मग पोरी, ह्यो तुझ्या हातावर ठिवू का आत न्हेऊ?"

मी ओढणीचा पदर सारखा केला आणि दोन्ही हात पुढे केले.