कोपरा उडालेली वीट

गवंडी पहिल्यांदा शेडमध्ये आला तो हातात कोपरा उडालेली वीट घेऊन. ती तेव्हा विटा दाबायच्या प्रेसवर काम करत होती. दोन्ही बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस हलत नाही; त्यामुळे तिने त्याला नजरेनेच थांबवलं. हवेचा फुसकारा झाला, पोलादी ठोकळा उतरला, माती दबली आणि साच्यातून ताजी वीट वर आली.

"हं, बोला."

"ही तुमचीच ना? कोपरा गेलाय."

"बदलून घ्या."

बदलून घेतली, पण तो काही हलेना. मातीत पाणी किती घालता, मुठीत गोळा वळून खाली का टाकता... असलं काहीबाही विचारत राहिला. डोळे मात्र मातीकडे नव्हते. तिच्या ते लक्षात आलं आणि खोटं कशाला बोला, आवडलंही.

मग रोज दुपारी एक वीट, एक उडालेला कोपरा.

"हात जड दिसतोय तुमचा," ती चिडवायची.

"की तुमची माती नाजूक?"

आठव्या दिवशी मामाने बोलावलं. कारखाना मामाचा. "पोरी, रोज तक्रार! भाचीला प्रेसवर बसवून मी नाक कापून घेतलं. सोमवारपासून तू चाळणीवर."

दोन वर्षं हट्ट करून मिळवलेली जागा!

परत आलेल्या आठही विटा तिने ओळीने मांडल्या. ओली वीट फुटली तर कडा भुसभुशीत होतात, कण ओघळतात. इथे प्रत्येक कोपरा कसा करकरीत तुटलेला, आणि बाजूला गवंड्याच्या थापीच्या पात्याची बारीक खूण. तीन आठवडे ओल्या गोणपाटाखाली मुरून टणक झालेल्या विटा कुणीतरी मुद्दाम फोडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो हसत आला.

"सगळ्या तुम्ही फोडल्यात," ती म्हणाली.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "अहो, यायला काहीतरी निमित्त..."

"तुमचं निमित्त झालं — आणि माझी प्रेस गेली!"

त्याला हे ठाऊकच नव्हतं. तो सरळ मामाच्या खोलीत शिरला. मामाचा चढलेला आवाज प्रेसपर्यंत ऐकू येत होता. तो बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"सगळं कबूल केलं. प्रेस तुमचीच राहील. मला मात्र या शेडची पायरी बंद." तो क्षणभर घुटमळला. "तुमच्या कामाला बट्टा लावला मी... चुकलंच माझं."

तो वळला. एवढा राग येऊनही त्याने जाऊ नये असंच तिला वाटत होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग येत होता.

"अहो..."

तो थांबला.

"रिकाम्या हाताने आला असतात तरी चाललं असतं. मी सकाळपासून वाटच बघत असायचे."

तो दोन पावलं परत आला.

"पाचला सुटते मी. फाटकाबाहेर मामाचं राज्य नाही." तिने हात पुसले. "राग गेलेला नाही हं माझा. तो घालवायला किती दिवस यावं लागेल, ते तुमचं तुम्ही बघा."