कुंपणापलीकडची ब्रायनी

"अहो मॅडम, एवढं बिऱ्हाड पाठीवर घेऊन कुठे निघालात?"

ब्रायनी हॅडो दचकली. पहाटेपासून तिनं माणसाचा आवाज ऐकला नव्हता. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या बिंडूनच्या टेकड्यांवर जुलैतल्या हिवाळ्याची थंडगार झिमझिम चालू होती, पाठीवर पस्तीस किलोंची सॅक होती, आणि लष्करी हद्दीच्या कुंपणालगत ती एकटीच चालली होती. आवाज पलीकडच्या संत्र्यांच्या बागेतून आला होता. शिडीवर एक तरुण उभा होता. ओले कुरळे केस, गळ्यात फळांची झोळी, आणि डोळ्यांत... छे! डोळ्यांकडे बघायला वेळ कुणाला होता?

"टेकडीपलीकडे," ती म्हणाली.

"गाडी आहे माझी. सोडतो."

"नको."

"बरं, एक संत्रं तरी?"

"घेता येत नाही. सैन्याची निवडचाचणी चालू आहे आमची."

त्यानं मान वळवून चहूकडे पाहिलं. "इथे कोण बघतंय?"

"मी बघतेय ना!"

तो मोकळेपणानं हसला. ती पुढे निघाली. पण ते हसू बराच वेळ तिच्या मागोमाग चालत राहिलं.

सहा वर्षं सैन्यात संदेशवहनाचं काम केल्यावर ब्रायनीनं विशेष दलाच्या लढाऊ तुकडीसाठी नाव दिलं होतं. बायकांना अर्ज करायची मुभा मिळून बराच काळ झाला होता, पण त्या तुकडीत अजून एकही पोचली नव्हती. यंदा ब्याऐंशी जणांत ती एकटीच. "तुझ्यासाठी वजन कमी होणार नाही," सार्जंटनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "मी मागितलंय कधी?" एवढंच ती म्हणाली होती.

अकराव्या दिवशी तिच्या टाचेचं हाड तडकलं. तिला घरी पाठवलं. जीपमध्ये चढताना मागून कुणीतरी पुटपुटलं, "होणारच होतं." ती रडली नाही. निदान तिथे तरी नाही.

सप्टेंबरात कुबडी सुटली आणि एका रविवारी पर्थहून गाडी काढून ती थेट त्या बागेत गेली. का गेली, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं...

"आता घेता येतं का?" शेडच्या दारातून त्यानं विचारलं. त्याचं नाव दारियो विताले. बाग त्याच्या आजोबांनी लावलेली.

"आता दे की!"

तिनं चार संत्री खाल्ली. रस कोपरापर्यंत ओघळला. दारियो बघत राहिला, आणि तिनं वर पाहताच झोळीचा बंद उगाच घट्ट करू लागला.

मग प्रत्येक रविवार बागेचाच झाला. पुढच्या वर्षीच्या निवडीच्या सरावासाठी ती सॅक भरायची, दारियो फळांच्या काट्यावर वजन करायचा.

"चौतीस. एक किलो कमी पडतंय. मी बसू?"

"तू बसलास तर टेकडी चढेल कोण?"

"तू. मला ठाऊक आहे, तू चढशील."

तो गमतीत बोलला होता, पण ब्रायनीला हसता आलं नाही. आजवर असं कुणी म्हटलंच नव्हतं. पत्र्यावर सर वाजत होती. त्यानं सॅकचा पट्टा तिच्या खांद्यावर सारखा केला आणि हात क्षणभर—जेमतेम क्षणभरच—तिथे राहू दिला.

"दारियो, तू मला कधीच 'जाऊ नकोस' म्हणत नाहीस."

"म्हणून बघू?"

"...नको."

पुढच्या जुलैत ती पुन्हा त्या कुंपणापाशी आली. सातवा दिवस होता. पायांना फोड आले होते, ओठ फुटले होते. आणि समोर, तारेपलीकडे, शिडीवर तो! त्यानं तिला पाहिलं; अगदी नक्की पाहिलं. आणि पाठ फिरवली.

त्या पाठीनं तिला सॅकहून जास्त दमवलं. तरी ती चालली. एकविसाव्या दिवशी उरलेल्या तेरा जणांना ओळीत उभं केलं. सार्जंटनं निवडलेल्यांची नावं वाचली. नववं नाव हॅडो. टाळ्या नाहीत, काही नाही. शेजारच्या गड्यानं फक्त आपली पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली, आणि ती बाटली तिनं घेतली.

तीन दिवसांनी ती शेडमध्ये उभी होती.

"पाठ का फिरवलीस?"

दारियोनं हातातली पेटी खाली ठेवली. "तुझा चेहरा आणखी घटकाभर बघितला असता, तर तार ओलांडून आलो असतो. तुझं सगळं गेलं असतं, माझ्यामुळे."

तिनं खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"चौदा महिन्यांचं प्रशिक्षण, देशाच्या त्या टोकाला. नंतर कुठे, किती दिवस... सांगता येणार नाही. विचारायचंही नाही. तुकडीतल्या बाकीच्यांच्या बायका आहेत घरी. माझ्या कागदावर ही जागा कोरी आहे."

त्यानं वाचलं. 'काही झाल्यास कळवावे.' खाली नाव, फोन, नातं.

"ही मागणी घालतेस की फॉर्म भरतेस?"

"दोन्ही. चालेल?"

"लिही. नातं—नवरा."

"खोटी माहिती भरली तर शिक्षा होते."

"मग होणारा नवरा."

तिनं लिहिलं. दारियोनं पेन तिच्या बोटांतून हळूच काढून घेतलं आणि समासात बारीक अक्षरांत लिहिलं : 'काही झालं नाही, तरी कळवणे.'

"अरे, खोडतील ते!"

"खोडू देत," तो म्हणाला. "तू वाचलंस ना?"